अलीकडचे वाचन, श्रवण आणि दर्शन

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दी समितीचे निमंत्रणपत्र हाती आले तेव्हा त्यातील विषय वाचून क्षणभर मला वाटले की पत्र चुकीच्या पत्त्यावर आले असावे. 'अलीकडे आपणांस आवडलेली पुस्तके, पॉडकास्ट, मालिका आणि चित्रपट' असा तो विषय होता. पंचवीस वर्षे मी या शहरात मराठी शिकविले. ज्ञानेश्वरीतील एखाद्या अध्यायावर किंवा केशवसुतांवर बोला असे कुणी सांगितले असते तर जुन्या टिपणांची वही शोधून मी निर्धास्तपणे आले असते. पण 'आवडलेले' म्हणजे काय, याचे टिपण कुणाजवळ असते? शिवाय याच इमारतीत एके काळी चित्रपटविषयक मासिके वाचनकक्षाच्या टेबलावर ठेवावीत की नाही यावर सर्वसाधारण सभेत तासभर वाद झालेला मी ऐकला आहे. तेव्हा विषय ठरविणाऱ्या तरुण सभासदांचे मी प्रथम अभिनंदन करते, आणि मग थोडे वैयक्तिक बोलण्याची परवानगी मागते. विषयच तसा आहे. त्याला इलाज नाही.

१९७६ साली लग्न होऊन मी नांदेडहून या शहरात आले. मीटरगेजची गाडी होती, आणि काचीगुड्याला उतरेपर्यंत नव्या साडीवर कोळशाची काजळी बसली होती. आठवड्याच्या आत आमच्या यजमानांनी मला दोन ठिकाणे दाखविली. पहिले सुलतान बाजारातील भाजीबाजार आणि दुसरे हे ग्रंथालय. भाजीबाजारात मी तेलुगू शिकले आणि येथे, म्हटले तर, मराठी. कारण नांदेडला असताना पाठ्यपुस्तकांपलीकडचे मराठी मी फारसे वाचले नव्हते. पुढे पंचेचाळीस वर्षे आमच्या घरात एक नियम चालला. शनिवारी संध्याकाळी हे दोन पुस्तके आणीत, एक त्यांच्यासाठी, एक माझ्यासाठी, आणि बुधवारी अदलाबदल होई.

२०२१ च्या उन्हाळ्यात ते गेले. त्यानंतर सुमारे वर्षभर मला वाचता आले नाही. डोळ्यांना काही झाले नव्हते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यापूर्वीच झाली होती आणि अक्षरे स्वच्छ दिसत. पण ओळ संपून दुसऱ्या ओळीवर येताना मन पहिल्याच ओळीच्या शेवटी उभे राही. वाचन ही दोघांनी करावयाची गोष्ट होती, हे मला त्या वर्षी कळले. पुस्तक वाचून बुधवारी द्यायचे कुणाला?

अशा दिवसांत माझ्या नातीने एके सकाळी पोळ्या लाटत असताना ओट्यावर आपला फोन उभा करून ठेवला आणि म्हणाली, "आजी, तू नुसती ऐक." तो बीबीसी मराठीचा 'गोष्ट दुनियेची' हा कार्यक्रम होता. कुठल्याशा दूरच्या देशातील प्रश्न, तो का उद्भवला, पुढे काय होईल, असे सोप्या मराठीत कुणी सांगत होते. पोळ्या झाल्या तरी मी उभीच होते. कारण विषय नव्हे, आवाज. घरात पुन्हा कुणी मला काहीतरी समजावून सांगत होते. यजमानांची ती सवय होती. वर्तमानपत्र मी वाचलेले असले तरी ते मला वाचून दाखवीत.

नातीला वाटले की तिने मला काही नवीन दाखविले. मी तिचा समज मोडला नाही. वस्तुतः या शहराला कानाने वाचण्याची सवय जुनी आहे. निजामी राजवटीतील डेक्कन रेडिओवरून उर्दू, तेलुगू, कन्नड यांच्याबरोबर मराठी कार्यक्रमही होत. १९५० साली ते केंद्र आकाशवाणीत विलीन झाले. नांदेडचे कवी वा. रा. कांत हे काही वर्षे त्या निजामी नभोवाणीच्या नोकरीत होते. आणि नभोवाणीच्याही आधी कीर्तन होते, आख्यान होते, चातुर्मासात देवळात लावलेली पोथी होती. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण पांडवप्रताप तिला प्रसंगवार ठाऊक होता. तेव्हा ऐकणारा तो कमी आणि वाचणारा तो श्रेष्ठ, ही श्रेणी आपण छापखाना आल्यावर लावलेली आहे आणि तीही फार जुनी नाही.

मग मी पुष्कळ ऐकले. सौमित्र पोटे यांच्या 'मित्रम्हणे'मधील रंगभूमीवरच्या आणि चित्रपटांतल्या माणसांच्या मुलाखती ऐकल्या. तरुण मुलांनी चालविलेले गप्पांचे कार्यक्रमही ऐकले. स्पष्ट सांगायचे तर या प्रकारातील बरेचसे मला आवडत नाही. दोन-दोन तास बोलतात. संपादन ही वस्तू तेथे कुणाला ठाऊक नसावी. एका वाक्यात पाच इंग्रजी शब्द येतात आणि सहावा येणार म्हणून मी वाट पाहू लागते. हसण्यासारखे काही नसताना सगळे हसतात. परंतु एक गोष्ट मात्र मला छापील मुलाखतीत कधी मिळाली नव्हती. एखादा वृद्ध नट आपल्या पडलेल्या नाटकाविषयी बोलताना थांबतो. तीन-चार सेकंद काहीच ऐकू येत नाही. मग तो दुसरेच काही बोलू लागतो. छापताना त्या जागी आपण तीन टिंबे देतो. मीही शाळेच्या वार्षिकांकासाठी मुलाखती घेतल्या, त्यांतील असे सगळे थांबे काढून टाकले आणि वर मुलींना सांगितले की वाक्य पूर्ण असले पाहिजे. आता वाटते, काढायला नको होते.

आवाजाचा विषय निघाला आहे तर 'द डिसायपल' या चित्रपटाविषयी बोलते. चैतन्य ताम्हाणे यांचा हा मराठी चित्रपट. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार त्यास मिळाला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. शरद नेरुळकर नावाचा एक तरुण शास्त्रीय गायक होऊ पाहतो. त्याचे गुरुजी आजारी आहेत, गरीब आहेत, आणि त्या गुरुजींच्याही गुरू असलेल्या माई तर कधीच दिवंगत झालेल्या. माईंनी आयुष्यात स्वतःचे ध्वनिमुद्रण होऊ दिले नाही, पण त्यांच्या काही व्याख्यानांच्या गुप्तपणे राखलेल्या फिती शरदजवळ आहेत. रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून दुचाकी हळूहळू चालवीत तो त्या ऐकतो. माईंचा तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. चित्रपट सर्वांपर्यंत पोहोचला त्याच महिन्यात त्या गेल्या. गुरुजींची भूमिका अरुण द्रविड यांनी केली आहे, जे स्वतः जयपूर घराण्याचे गायक आहेत. शरदची भूमिका आदित्य मोडक यांची, तेही गायकच.

आमच्या नातीला हा चित्रपट कंटाळवाणा वाटला. तिने प्रामाणिकपणे तसे सांगितले. मला मात्र त्यातील एक गोष्ट अद्याप सोडीत नाही. शरद पोटासाठी जुन्या दुर्मिळ ध्वनिमुद्रणांच्या नकला करून विकण्याचे काम करतो. म्हणजे तो एक प्रकारचा ग्रंथपालच आहे. ज्या गोष्टी कुणी मागत नाही त्या जपून ठेवणारा, त्यांची धूळ झटकणारा, आणि हे सर्व करीत असताना आपणही त्यांतलेच एक होऊ अशी आशा बाळगणारा. तो होत नाही. चांगला गायक होण्यासाठी जे लागते ते त्याच्यात नाही, एवढेच. चित्रपट त्याला शिक्षा करीत नाही की त्याचे सांत्वनही करीत नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताखालून किती मुली गेल्या, ज्यांना कविता येत नव्हती पण कवितेवर त्यांचे प्रेम होते! त्यांना मी काय सांगितले असेल, याचा विचार करीत त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. हे ग्रंथालय शंभर वर्षे चालविणाऱ्यांतही लेखक किती झाले? फार थोडे. बाकीच्यांनी कुलूप उघडले, दिवा लावला, वर्गणीच्या पावत्या फाडल्या.

आता हैदराबादच्या मराठी माणसाने ज्याविषयी बोललेच पाहिजे असा चित्रपट. 'सैराट' २०१६ साली आला तेव्हा मी तो पाहिला नव्हता. गाणी मात्र गणपतीत इतकी ऐकली की चित्रपट पाहण्याची गरज वाटली नाही, हा माझा शिष्टपणा. अलीकडे सूनबाईबरोबर घरी पाहिला. आमची सून वरंगळची, तेलुगू. माझ्या मुलाने आणि तिने परस्परांना पसंत करून लग्न केले. दोन्ही घरी थोडी कुरकुर झाली आणि मिटली. हे सांगायचे कारण पुढे येईल.

नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले, जातीविषयी लिहिले गेले, आणि ते आवश्यकच होते. पण महाराष्ट्रातील समीक्षकांनी ज्याकडे फारसे पाहिले नाही ती गोष्ट आम्हां दोघींना प्रथम दिसली. आर्ची आणि परश्या पळून येतात ते हैदराबादला. चित्रपटाचा सारा उत्तरार्ध येथे घडतो. हैदराबाद म्हणजे चारमिनार नव्हे की बिर्याणी नव्हे, तर पत्र्याची वस्ती, डोशाची गाडी, आणि त्यांना आश्रय देणारी एक मराठी बोलणारी बाई. आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते आणि मैत्रिणीच्या मदतीने तेलुगू शिकते. ट्रॅक्टर आणि बुलेट चालविणारी पाटलाची मुलगी परक्या भाषेतील पहिले शब्द चाचरत उच्चारते, तेव्हा मला सुलतान बाजारातील माझी स्वतःची पहिली सकाळ आठवली. वांग्यांचा भाव विचारायचा होता आणि मी बोटे दाखवीत होते. सूनबाई हसू लागली. तिने सांगितले की आमच्या घरी आल्यावर पहिले सहा महिने तिलाही मराठी बोलताना तसेच होई, आणि 'तू' म्हणावे की 'तुम्ही' म्हणावे या भीतीने ती माझ्याशी कर्ता गाळून वाक्ये बोलत असे. मराठीची शिक्षिका असून हे माझ्या लक्षात आले नव्हते.

मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद म्हणजे काय होते, याचा एक इतिहासच लिहिता येईल. परीक्षेला येण्याचे ते शहर होते. बी. रघुनाथ शिक्षणासाठी येथे होते. नरहर कुरुंदकर येथे आपल्या मामांकडे, उस्मानिया विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे, शिकायला राहिले आणि परीक्षांपेक्षा ग्रंथालयांत अधिक रमले. राजधानी म्हणून लोक येत, कचेरीच्या कामाला येत, हायकोर्टात खेटे घालायला येत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि मागे राहिलेले आम्ही आपल्याच घरात पाहुणे झालो. या सगळ्या येण्यांत आर्ची-परश्याचे येणे नवीन आहे. ती दोघे काही मिळवायला येत नाहीत, लपायला येतात. आणि हे शहर त्यांना काम देते, खोली देते, भाषा देते, पण वाचवू शकत नाही. शेवटच्या दृश्यात आवाज नाही. त्या लहान मुलाची पावले दिसतात, तेव्हा सूनबाईने माझा हात धरला होता. आम्ही दोघींनी दिवा लावला नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अत्तय्या, आपण नशीबवान." अत्तय्या म्हणजे तेलुगूत सासूबाई. आपल्या 'आत्या'चे हे भावंड.

हैदराबादवरचे चित्रपट म्हटले की श्याम बेनेगल यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ते याच शहरात वाढले, निजाम कॉलेजात शिकले आणि २०२४ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्या निधनानंतर मी 'अंकुर' पुन्हा पाहिला. १९७४ चा हा चित्रपट, आणि त्यातील दखनी आजही कानाला आपल्या गल्लीतील वाटते. 'निशांत'ची पटकथा तेंडुलकरांची आहे, हे येथील फार थोड्या लोकांना ठाऊक असते. दखनीवर मी अधिक बोलणार नाही. या विषयावर डॉ. श्रीधर रंगनाथ कुलकर्णी यांनी केलेले काम वाचकांनी पाहावे, आणि समर्थांच्या मनाच्या श्लोकांवरून शाह तुराब यांनी दखनीत रचलेले 'मनसमझावन' जिज्ञासूंनी जरूर चाळावे.

'मानवत मर्डर्स' ही २०२४ साली आलेली मालिका मी दोन भागांत सोडली. वाईट आहे म्हणून नव्हे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवतला ते खून झाले तेव्हा आम्ही नांदेडला होतो, आणि दिवेलागणीनंतर आई आम्हां मुलींना अंगणातसुद्धा जाऊ देत नसे. पडद्यावर ती बोली, तशीच लुगडी, तसेच वाडे दिसू लागले आणि माझी झोप गेली. चांगले चित्रण कधी कधी पाहवत नाही, एवढीच नोंद करते.

आता 'आरआरआर'. आपल्यापैकी ज्यांनी तो पाहिला नसेल असे कुणी असल्यास त्यांच्या घरात नातवंडे नसावीत. २०२२ साली राजमौली यांनी तो काढला, २०२३ साली त्यातील गाण्याला ऑस्कर मिळाले, आणि शहरात दिवाळी व्हावी तसे झाले. मलाही आवडला. वाघ, आग, पूर, नाच, सगळे आवडले. पण नात जेव्हा म्हणाली, "आजी, कोमराम भीम दिल्लीला जाऊन इंग्रजांशी लढला," तेव्हा माझ्यातील शिक्षिका उठून बसली. चित्रपटकर्त्यांनी ती कल्पना असल्याचे सांगितलेले आहे आणि त्यांना तो अधिकार आहे. पण मुलांच्या डोक्यात कल्पनाच राहते. अल्लुरी सीताराम राजू यांना १९२४ साली गोळ्या घातल्या गेल्या. आदिलाबादच्या गोंडांचा पुढारी भीम हा १९४० साली जोडेघाटला मारला गेला. त्याचा झगडा होता तो निजामी राज्याच्या जंगलखात्याशी, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीसाठी. त्या उठावानंतर निजाम सरकारला हे लोक कोण आहेत हे जाणून घेण्याची निकड वाटली, आणि क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ त्या जंगलांत गेले. महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ते तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ सालचा.

हे सर्व नातीला सांगताना मला एक गोष्ट आठवली. यजमानांनी या ग्रंथालयातून आणलेले शेवटचे पुस्तक अजून आमच्या घरातच होते. सेतुमाधवराव पगडींचे आत्मचरित्र, 'जीवनसेतु'. त्यात मध्येच औषधाच्या दुकानाची एक पावती घातलेली होती. मी ते कपाटात ठेवले होते आणि कपाट उघडताना नजर चुकवीत होते. त्या दिवशी ते काढले. पगडी आपल्या निलंग्याचे. हैदराबाद संस्थानात अधिकारी होते. ज्या लोकांवर अंमल चालवायचा त्यांची भाषा आपल्याला आली पाहिजे, हा साधा आग्रह त्यांनी सोडला नाही. आदिलाबादला असताना ते गोंडी शिकले, गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिले. उर्दू, फारसी, तेलुगू, कन्नड यांत ते वावरत आणि मराठीत इतिहास लिहीत. वर्षभराने मी वाचलेले ते पहिले पुस्तक. पावतीपर्यंत आले तेव्हा थोडे थांबले. तिच्यापुढची पाने यजमानांनी वाचलेली नव्हती. ती मी वाचली, आणि बुधवारी सांगावे तसे जेवताना मुलाला आणि सुनेला सांगितले. नात म्हणाली, "पगडींवर पिक्चर काढला पाहिजे." काढावा. पण त्यात वाघ घालू नये.

पुस्तक परत करायला मी येथे आले तेव्हा दंड किती झाला ते विचारले. ग्रंथपालांनी नोंदवही उघडली, पाहिली आणि मिटली. मी त्यांचे आभार मानले नव्हते. आज मानते.

आता ज्या पुस्तकासाठी मी हे व्याख्यान स्वीकारले त्याकडे येते. ते अलीकडचे नाही, वाचन मात्र अलीकडचे आहे. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' आपण सर्वांनी वाचलेली किंवा वाचल्याचे सांगितलेली कादंबरी आहे. १८९० साली निघालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ती क्रमशः येत असे. म्हणजे पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणारी मालिकाच ती. आजच्या मालिका एका रात्रीत आठही भाग पाहता येतील अशा येतात, आणि वाट पाहण्याचे सुख आपण हरवून बसलो, हे जाता जाता. वर्गात ती मी कितीदा शिकविली असेल! परीक्षेच्या दृष्टीने यमूचे स्वभावचित्र, आठ गुण.

सूनबाई एकदा वरंगळला माहेरी गेली होती. तिच्या आजोबांच्या कपाटात तिला 'अबला जीवितम्' हे पुस्तक सापडले. 'पण लक्षांत कोण घेतो!'चे ते तेलुगू भाषांतर आहे आणि ते केले आहे पी. व्ही. नरसिंह राव यांनी. पुढे पंतप्रधान झाले तेच. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानिया सोडावे लागले म्हणून ते नागपूरला गेले, मराठी त्यांना उत्तम येई. विश्वनाथ सत्यनारायणांच्या 'वेयिपडगलु'चे हिंदी रूपांतर त्यांनीच केले. २०२४ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले तेव्हा सगळीकडे त्यांच्या अर्थनीतीविषयी छापून आले. हरिभाऊंचे नाव मला कुठे दिसले नाही.

आम्ही दोघींनी ठरविले की रोज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर एक प्रकरण वाचायचे. मी मराठीतून मोठ्याने वाचीत असे, ती समोर तेलुगू प्रत धरून पाहत असे. अडले की थांबायचे. मामंजी कोण, यावर एक रात्र गेली, कारण तेलुगूत सासरा आणि मामा दोघेही 'मामय्या'च. मराठीतील 'ळ' तिला जड जात नाही, तेलुगूत तो आहे. 'चमचा'तला 'च' आणि 'चंद्र'तला 'च' यांतला फरकही तिचा कान पकडतो. आमची नात शाळेत हिंदी शिकली म्हणून तिला नागरी लिपी वाचता येते, पण ती 'चमचा' हिंदी पद्धतीने म्हणते. तीही मधूनमधून येऊन बसू लागली.

यमूचा पती जातो त्यानंतरचे प्रकरण आले. तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन करण्यात येते, तो भाग. वर्गात हा उतारा मी कोरड्या आवाजात वाचीत असे, कारण मुली रडत आणि तास वाया जाई. त्या रात्री मला दोन ओळींपुढे जाता येईना. सूनबाईने माझ्या हातातून पुस्तक घेतले नाही. ती आपली तेलुगू प्रत मनातल्या मनात वाचत राहिली, आणि वाचून झाल्यावर तिच्या मराठीत मला सांगू लागली. व्याकरण चुकत होते. क्रियापदांची लिंगे चुकत होती. मी आयुष्यात प्रथमच कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

मग आमच्या घरातली एक गोष्ट निघाली, जी तोवर आम्ही दोघींनी उच्चारली नव्हती. यजमान गेल्यानंतर तेराव्या दिवशी नात्यातल्या एक वयस्क बाई माझ्या बांगड्या उतरवायला पुढे झाल्या. वाईट हेतू नव्हता त्यांचा. त्यांचेही कुणी असेच उतरविले होते. मी हात पुढे केला होता. मी, जिने यमूवर आठ गुणांचा प्रश्न वर्षानुवर्षे काढला, मी मुकाट्याने हात पुढे केला होता. सूनबाई मध्ये आली आणि एकच शब्द बोलली, "नको." त्यांनी विचारले, "तुला काय कळते आमच्यातले?" तिने माझा हात धरून ठेवला आणि पुन्हा तेच म्हटले. बांगड्या राहिल्या. त्या आजही आहेत, येथे आपणांस दिसत असतील. पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि ती बातमी सर्वत्र गाजली. ती वाचून मला हरिभाऊ आठवले नाहीत. सूनबाईचा तो एक शब्द आठवला.

त्या रात्री मी तिला विचारले, "तेव्हा तू हे पुस्तक वाचलेले होतेस का?" ती म्हणाली, "नाही. तुमचे तोंड पाहिले." हे मी आपणांस मुद्दाम सांगते, कारण ग्रंथालयाच्या समारंभात पुस्तकांनी माणसे घडतात असे म्हणण्याची प्रथा आहे. मी ती कादंबरी पन्नास वर्षे वाचली होती आणि हात पुढे केला. तिने ती उघडलीही नव्हती आणि हात धरला. पण त्या प्रसंगाविषयी बोलण्यासाठी मात्र आम्हांला ते पुस्तक लागले, दोन लिप्यांत लागले. ते नसते तर ती गोष्ट आम्ही दोघी आपापल्या मनात ठेवूनच गेलो असतो.

कादंबरी संपायला आम्हांला चार महिने लागले. आता आम्ही उलट दिशेने निघालो आहोत. ती 'वेयिपडगलु' तेलुगूतून वाचते आणि मी नरसिंह रावांचे हिंदी रूपांतर, 'सहस्रफण', समोर धरते. गती फार मंद आहे. नात म्हणते की या वेगाने आजीचे वय आणि पुस्तकाची पाने यांचा हिशेब जमत नाही. ते खरे आहे.

एक विनंती करून थांबते. 'अबला जीवितम्'ची ती जुनी प्रत वरंगळच्या मंडळींनी या ग्रंथालयास देण्याचे कबूल केले आहे आणि सूनबाईने ती आज बरोबर आणली आहे. ती मागच्या रांगेत बसली आहे. पुस्तकाची बांधणी सैल झाली आहे, दोन पाने सुटी आहेत, ती जपून घ्यावीत. ग्रंथपालांना अडचण पडेल ती दाखल नोंदवहीत, कारण तेथे तेलुगू पुस्तकासाठी रकाना नाही. मी सकाळी त्यांना विचारले, तर ते म्हणाले की कपाट कोणते द्यावे हे कार्यकारी मंडळ ठरवील. मंडळाने अवश्य ठरवावे. तोपर्यंत ते हरिभाऊंच्या शेजारी ठेवावे. तेथे एका पुस्तकापुरती जागा आहे, मी पाहून आले आहे.